रिव्हर रेड: पहिल्या पुलापासून पंधरा हजारांपर्यंत

मामाने मस्कतहून आणलेल्या अटारी या व्हिडिओ गेमच्या यंत्राबरोबर चार कॅसेट आल्या होत्या. तीन कुठल्या ते आता कुणालाच आठवत नाही. चौथी रिव्हर रेड. निळी नदी वरून खाली सरकत राहते, दोन्ही बाजूंना हिरवे काठ, आणि खाली मधोमध छोटंसं पिवळं विमान. घरातली सगळी मुलं तिला 'विमानाची कॅसेट' म्हणायची. मी बटणावरचं बोट न काढता गोळ्या झाडत सुटायचो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पुलापाशी विमान संपायचं. माझी मामेबहीण मात्र एकाच विमानावर अर्धी दुपार काढायची. एकदा शेजारी बसून माझा खेळ बघताना ती म्हणाली, "अरे, नेम कसला धरतोस? पेट्रोल बघ."

पुढे मोठेपणी हा गेम पुन्हा हातात आला तेव्हा ताईच्या त्या वाक्याचा अर्थ कळला. रिव्हर रेड हा दिसायला गोळीबाराचा गेम आहे. पण तो जमतो तो वेग आणि इंधन सांभाळणाऱ्याला. खाली सगळं त्या क्रमानेच सांगतो: आधी वेग, मग गोळी, मग पेट्रोल, आणि शेवटी गुणांचा हिशेब. उद्दिष्ट ठेवू १५,००० गुणांचं. ॲक्टिव्हिजन कंपनीने १९८२ साली हा गेम काढला तेव्हा १५,००० गुण करून टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवणाऱ्याला 'रिव्हर रेडर्स' असा कापडी बिल्ला घरपोच मिळायचा. बिल्ले बंद होऊन जमाना झाला, पण तो आकडा अजूनही नेमका आहे. नशिबाने तिथवर कुणी पोचत नाही, आणि शिकून घेतलं तर कुणालाही पोचता येतं.

कशावर खेळायचं

मूळ यंत्र म्हणजे १९७७ सालचं अटारी २६००. जुनं यंत्र मिळालं तर ते टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडलं जातं. नव्या टीव्हीवर मेनूमध्ये जाऊन ॲनालॉग चॅनल शोधावा लागतो, नुसती वायर खोचून चित्र येत नाही. कॅसेट विकत घेण्याआधी ती कुठल्या पद्धतीची आहे ते विचारा. आपल्याकडचे टीव्ही आणि आखातातून आलेली यंत्रं पॅल पद्धतीची, सेकंदाला ५० चित्रांची. अमेरिकेतली कॅसेट एनटीएससी, म्हणजे ६० चित्रांची. अमेरिकी कॅसेट पॅल यंत्रात घातली तर रंग बदलतात आणि सगळा खेळ मंदावतो. खेळता येतं, पण अशा संथ नदीवर बसलेला हात नंतर खऱ्या वेगावर चुकतो. म्हणून यंत्र आणि कॅसेट एकाच पद्धतीची ठेवा.

चित्र थरथरत असेल किंवा उमटतच नसेल, तर कॅसेट काढून तिच्या पट्ट्यांवर फुंकर मारायची आपल्या सगळ्यांची जुनी सवय आहे. ती सोडा. फुंकरीतला ओलावा पट्ट्यांना गंज चढवतो. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पट्ट्या पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच कॅसेट लावा.

जुन्या यंत्राच्या मागे लागायचं नसेल तर २०२३ साली अटारीने काढलेलं २६०० प्लस आहे. ते जुन्या कॅसेट घेतं आणि एचडीएमआयच्या वायरने आजच्या टीव्हीला जोडलं जातं. सरावासाठी मला ते सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण जॉयस्टिक जुन्याच घडणीची येते. प्लेस्टेशन २ घरात असेल तर २००२ सालच्या ॲक्टिव्हिजन अँथॉलॉजी या संग्रहात रिव्हर रेड आहेच. संगणकावर खेळायचं तर स्टेला हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, पण गेमवर कंपनीचा हक्क आहे, म्हणून फाइल आपल्या मालकीच्या कॅसेटचीच वापरा. स्टेलामध्ये बाणांच्या कळा म्हणजे जॉयस्टिक, स्पेसबार म्हणजे गोळी, एफ१ म्हणजे सिलेक्ट आणि एफ२ म्हणजे रीसेट. एक अडचण मात्र येते. साध्या कीबोर्डवर दोन बाण आणि स्पेसबार एकत्र दाबले की एखादी कळ गिळली जाते. तिरकं वळताना गोळी सुटत नसेल तर दोष तुमचा नाही, कीबोर्डचा आहे. साधा गेमपॅड जोडून बघा.

सुरू करण्याआधीचे स्विच

अटारीवर गेम सिलेक्ट, गेम रीसेट आणि डावा-उजवा असे दोन डिफिकल्टी स्विच असतात. हे डिफिकल्टी स्विच रिव्हर रेडमध्ये शत्रूंना अवघड करत नाहीत. ते गोळीचा स्वभाव बदलतात. स्विच 'बी'वर असला की सुटलेली गोळी विमानाबरोबर डावी-उजवीकडे सरकते. 'ए'वर असला की गोळी सरळ वर जाते, मग तुम्ही कुठेही वळा. एकटे खेळत असाल तर डावा स्विच तुमचा. स्टेलात त्यासाठी एफ५ आणि एफ६ या कळा आहेत.

बहुतेक जण नवख्याला 'बी' सुचवतात. मी 'ए' सुचवतो. वळणारी गोळी सोपी वाटते खरी, पण गोळी हवेत असताना तुम्ही काठ चुकवायला वळलात की तीही लक्ष्यावरून सरकते, आणि मग गोळीसाठी विमान नको तिकडे नेण्याची सवय लागते. सरळ गोळी आधी विमान जागेवर आणायला लावते. दहा-बारा पूल पार व्हायला लागले की 'बी' लावून बघा. तेव्हा ती खरंच उपयोगाची ठरते.

सिलेक्टने गेमचा क्रमांक बदलतो. क्रमांक १ म्हणजे एकटा खेळाडू, पहिल्या पुलापासून. ३ म्हणजे पाचव्या पुलापासून, ५ म्हणजे विसाव्या आणि ७ म्हणजे पन्नासाव्या. त्यांच्या मधले सम आकडे दोघांसाठी, आळीपाळीने. आज फक्त क्रमांक १. बाकीच्यांचा उपयोग पुढे सांगतो.

पडदा वाचणं

विमान पडद्यावर वर-खाली जात नाही. ते कायम एकाच उंचीवर असतं, फक्त डावी-उजवीकडे सरकतं. जॉयस्टिक पुढे ढकलली की नदी जोरात खाली येते, मागे ओढली की सावकाश, सोडून दिली की मधल्या वेगाने. तळाशी गुण दिसतात आणि त्यांच्याजवळ इंधनाचा काटा: डावीकडे रिकामं, मध्ये अर्धं, उजवीकडे भरलेलं.

नदीत पाच गोष्टी भेटतात. बोट ३० गुणांची, हेलिकॉप्टर ६०, इंधनाचा डेपो ८०, शत्रूचं जेट १०० आणि पूल ५०० गुणांचा. डेपोवर उभ्या अक्षरांत 'फ्युएल' लिहिलेलं असतं. आम्ही त्याला पेट्रोल पंपच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. काठावरची घरं आणि झाडं शोभेची आहेत. त्यांच्याकडे बघू नका.

विमान नष्ट होण्याच्या तीन वाटा: काठाला घासणं, कशावर तरी आदळणं आणि टाकी रिकामी होणं. या अटारी आवृत्तीत तुमच्यावर गोळ्या कुणी झाडत नाही. ही गोष्ट मनात नीट ठसवून घ्या, कारण तिच्यामुळे खेळाकडे बघण्याची नजर बदलते. इथे होणारा प्रत्येक अपघात हा तुमच्या आणि नदीच्या वेगाचा मेळ चुकल्यामुळे होतो.

पहिली पायरी: गोळी फक्त पुलासाठी

पहिले काही डाव असे खेळा की गोळी फक्त पुलावर झाडायची. पूल फोडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, म्हणून तेवढी सूट. बाकी बोटी, हेलिकॉप्टरं, सगळं चुकवत जायचं. गुण कमी पडतील, पडू देत.

या सरावात हात एकच गोष्ट शिकतो: मागे ओढणं. नवखा माणूस घाबरला की बाजूला पळतो. नदी अरुंद आहे, बाजूला पळायला जागा नसते, आणि तो काठावर जाऊन आदळतो. घाबरलात की आधी जॉयस्टिक मागे घ्या, नदी सावकाश होऊ द्या, आणि मग वळा. 'मागे, मग बाजूला' हा क्रम बोटांत बसेपर्यंत पुढच्या पायरीकडे जाऊ नका. मला स्वतःला हा क्रम बसायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यानंतर काठावर आदळणं जवळजवळ थांबलं.

दुसरी सवय नजरेची. आपल्या विमानाकडे बघू नका. ते कुठे आहे ते हाताला ठाऊक असतं. नजर पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवा, जिथून नवी नदी उतरते. वळण असो वा बेट, दिसायला लागल्यापासून तुमच्यापर्यंत यायला जो वेळ लागतो तोच तुमचा विचार करण्याचा वेळ. जॉयस्टिक पुढे ढकलून तुम्ही तो वेळ खर्च करता, मागे ओढून वाढवता.

बाजूला सरकताना जॉयस्टिक दाबून धरू नका, टिचक्या मारा. टिचकी, थांब, टिचकी. बेटाच्या दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या वाटांत दाबून धरलेली जॉयस्टिक हमखास पलीकडच्या काठावर नेते.

बेट दिसलं की लगेच बाजू ठरवा आणि ठरवलेली बाजू बदलू नका. दोन्ही वाटा बहुतेक सारख्याच रुंदीच्या असतात, मनात घोळवण्यात अर्थ नाही. कुठल्या वाटेत पंप आहे तेवढं बघा आणि तिकडे जा.

दुसरी पायरी: गोळी

एका वेळी तुमची एकच गोळी हवेत असते. ती कशावर लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. वरवर ही उणीव वाटते, पण गोळीबाराची सगळी युक्ती यातच आहे. लांबच्या लक्ष्यावर मारलेली गोळी चुकली तर ती वरपर्यंत जाते आणि तेवढा वेळ तुम्ही निःशस्त्र असता. जवळच्या लक्ष्यावर मारलेली लगेच लागते आणि लगेच दुसरी तयार होते. म्हणजे जवळ जाऊन मारणारा जास्त गोळ्या मारतो.

तेव्हा अंतर असं ठेवा: लक्ष्य पडद्याच्या मध्यावर आलं की त्याच्या रेषेत या, वेग कमी करा, मारा. लागली तर पुढे. चुकली तर अजून एका गोळीपुरती किंवा बाजूला निघून जाण्यापुरती जागा शिल्लक असते. अगदी नाकाशी येऊ दिलंत तर ती जागा उरत नाही.

बोटी आणि हेलिकॉप्टरं सुरुवातीच्या भागात बरीचशी स्थिर असतात, पुढे डावी-उजवीकडे फिरायला लागतात आणि काठाला लागली की उलटी वळतात. फिरणाऱ्या बोटीच्या मागे मागे विमान नेऊ नका. ती काठाला पोचून परत फिरणार हे ठरलेलं आहे. तिच्या परतीच्या वाटेत उभे राहा, ती गोळीसमोर येईल. रुंद बोटीला हे सहज जमतं, छोट्या हेलिकॉप्टरला थोडी घाई करावी लागते.

जेटची गोष्ट वेगळी. ते काठाला जुमानत नाही, एका बाजूने शिरून नदी, जमीन सगळं ओलांडत दुसऱ्या बाजूने निघून जातं. १०० गुणांचा मोह होतो, पण १५,०००पर्यंतच्या प्रवासात जेट मारणं गरजेचं नाही. वेग कमी करा, त्याला तुमच्या पुढून जाऊ द्या. ते नेमकं समोर आलं तरच मारा.

तिसरी पायरी: पेट्रोल

ताईचं वाक्य इथलं. टाकी वेळाप्रमाणे रिकामी होते. तुम्ही जोरात जा की सावकाश, काटा त्याच गतीने डावीकडे सरकतो. खऱ्या गाडीत जोरात पळवलं की पेट्रोल जास्त जळतं, म्हणून आपल्याला उलटंच वाटतं: काटा खाली आला की आपण सांभाळून, हळू जायला लागतो. रिव्हर रेडमध्ये तीच चूक विमान घालवते. सावकाश गेलात तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये कमी नदी कापली जाते आणि पंप लांब राहतो. काटा खाली आला की जॉयस्टिक पुढे.

आणि पंपावर आलात की उलट. पंपाच्या वर जितका वेळ असाल तितकं पेट्रोल भरतं. म्हणून पंपाच्या रेषेत या, जॉयस्टिक पूर्ण मागे ओढा आणि सावकाश त्यावरून जा. भरताना टण् टण् असा आवाज येतो, टाकी भरली की तो आवाज बदलतो. तो कान देऊन ऐका, कारण त्या क्षणी पंपाचं काम संपलं. त्यानंतर तिथे रेंगाळणं म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजेच पेट्रोल.

पंप फोडावा की नाही, हा या गेममधला सगळ्यात मोठा प्रश्न. ८० गुण मिळतात, हेलिकॉप्टरपेक्षा जास्त. मी पाळतो तो नियम सांगतो. काटा अर्ध्याच्या उजवीकडे असेल आणि पुढचा पंप पडद्यावर दिसत असेल, तर फोडा. दोन्हींपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर भरा. पुढे पुढे पंप विरळ होत जातात. दहाव्या पुलानंतर माझा 'अर्धा' हळूहळू 'पाऊण' होतो, आणि विसाव्यानंतर जवळजवळ प्रत्येक पंप मी भरण्यासाठीच ठेवतो.

दोन्ही फायदे घ्यायचे असतील तर एक बारकी युक्ती आहे. पंपावर शिरा, सावकाश भरत जा, आणि पंपाचा वरचा भाग अजून विमानाच्या नाकापुढे असतानाच गोळी मारा. पेट्रोलही मिळतं, ८० गुणही. हे पहिल्या-दुसऱ्या पुलाच्या आतच घोटून घ्या. टाकी खाली असताना हा प्रयोग करू नका. घाईत गोळी आधी सुटली तर भरणं अर्धवट राहतं.

नकळत फुटणारे पंप हे सगळ्यात वाईट नुकसान, आणि ते बहुधा असं होतं. समोर हेलिकॉप्टर, त्याच्या बरोबर मागे त्याच रेषेत पंप. तुम्ही हेलिकॉप्टरवर मारता, ते किंचित सरकतं, गोळी पुढे जाऊन पंप उडवते. गोळी झाडण्याआधी लक्ष्यापलीकडे काय आहे ते बघा. पलीकडे पंप असेल आणि काटा खाली असेल तर ते हेलिकॉप्टर सोडून द्या. ६० गुणांसाठी विमान घालवू नये.

धोक्याची घंटा वाजायला लागली की काट्याकडे बघणं थांबवा. तो किती खाली आहे हे घंटेने सांगितलंच आहे. आता फक्त नदी बघा, पूर्ण वेगाने जा, समोर येईल ते चुकवा, मारत बसू नका. पंप दिसला की मात्र वेग सोडा. घंटा ऐकून घाबरलेला माणूस पंपावरूनही भरधाव निघून जातो आणि चार थेंब घेऊन पुढे संपतो.

नदी पाठ होते

आता अशी एक गोष्ट जी कळल्यावर हा गेम मला जास्तच आवडायला लागला.

रिव्हर रेड लिहिला कॅरल शॉ यांनी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकून १९७८ साली त्या अटारीत आल्या. व्हिडिओ गेम लिहिण्याच्या व्यवसायात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. पुढे ॲक्टिव्हिजनमध्ये आल्यावर त्यांच्या मनात आधी अंतराळातला गेम होता, पण अंतराळाचे गेम बाजारात फार झाले म्हणून सहकाऱ्याने दुसरं काही करायला सुचवलं, आणि नदी आली.

अटारी २६००ची कुवत ऐकून विश्वास बसत नाही. काम करताना लक्षात ठेवायला १२८ बाइट, आणि अख्खा गेम ४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये. एवढ्या जागेत लांबलचक नदीचा नकाशा साठवणं शक्यच नव्हतं. शॉ यांनी नकाशा साठवलाच नाही. त्यांनी एक छोटं गणित लिहिलं: सोळा बिटांची, म्हणजे सोळा शून्य-एकांची, एक संख्या घ्यायची, तिच्यातले बिट एक घर सरकवायचे, रिकाम्या झालेल्या जागी ठरावीक बिटांवरून काढलेला नवा बिट भरायचा, की पुढची संख्या तयार. या संख्यांवरून काठ कुठे वळेल, बेट कुठे येईल, पंप कुठे असेल हे ठरतं. संख्या बघायला अस्ताव्यस्त वाटतात, पण सुरुवातीची संख्या कायम तीच, म्हणून पुढची रांगही कायम तीच. नदी नव्याने घडते, तरी प्रत्येक वेळी तीच घडते.

म्हणजेच ती पाठ करता येते. पहिल्या पुलापर्यंतची नदी तुम्ही दहा वेळा बघितली की अकराव्या वेळी पंप कुठे आहे हे तो दिसण्याआधी ठाऊक असतं. मी चौकटीच्या वहीत पहिले बारा भाग काढले होते. घर-झाडं काही नाही, फक्त पंपाच्या जागी वर्तुळ, बेटाच्या जागी तिरकी रेघ, आणि जिथे आपटलो तिथे फुली. तुम्हीही काढा. चार दिवसांत फुल्या एकाच दोन-तीन ठिकाणी गोळा झालेल्या दिसतील. मग सगळ्या नदीचा नाही, त्या दोन-तीन जागांचाच सराव करा.

यंत्राच्या मर्यादेतून आलेल्या आणखी दोन गोष्टी खेळताना कामाला येतात. काठाचं चित्र अर्ध्या पडद्याचंच काढलं जातं आणि दुसऱ्या अर्ध्यात ते आरशासारखं उलटून येतं, म्हणून नदी दोन्ही बाजूंना सारखी असते. डावा काठ आत येताना दिसला की उजवा न बघताही कळतो. आणि एका आडव्या पट्ट्यात एकच वस्तू येते. बोट आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या शेजारी कधी नसतात, एकापाठोपाठ एक असतात. म्हणून ओळीने विचार करा: आता हे, मग ते. दोन गोष्टींनी एकदम घेरलं असं कधीच होत नाही, फक्त वेग जास्त असला की तसं वाटतं.

हाच गेम पश्चिम जर्मनीत १९८४ साली मुलांसाठी घातक ठरवून सरकारी यादीत टाकला गेला. युद्धाची वृत्ती वाढवतो, असा त्यावर ठपका होता. तो यादीतून निघाला २००२ साली. कॅरल शॉ यांना २०१७ साली गेम अवॉर्ड्समध्ये या क्षेत्रातल्या मानकरी म्हणून गौरवण्यात आलं. तो मान त्यांना फार आधी मिळायला हवा होता.

पूल आणि विमानं

प्रत्येक भागाच्या शेवटी नदी अरुंद होते आणि तिच्यावर रस्त्याचा पूल आडवा येतो. पूल मारायला सोपा, कारण तो हलत नाही. चूक होते ती वेगाची. मागच्या हेलिकॉप्टरच्या नादात माणूस भरधाव येतो आणि गोळी हवेत असतानाच पुलावर आदळतो. नदी अरुंद व्हायला लागली की मध्यावर या, वेग कमी करा, गोळी हातात ठेवा. म्हणजे आदल्या लक्ष्यावर ती वाया घालवू नका.

विमान पडलं की पुढचं विमान शेवटी फोडलेल्या पुलापासून, भरलेल्या टाकीने निघतं. याचे दोन अर्थ. भागाच्या सुरुवातीला पडलात तर फार नुकसान नाही. पण पुलाच्या तोंडाशी पडलात तर अख्खा भाग पुन्हा कापावा लागतो. म्हणून भागाचा पहिला अर्धा गुण गोळा करण्याचा, दुसरा अर्धा पूल सुखरूप गाठण्याचा. पूल दिसायला लागल्यावर पंप सोडून कशाच्याही मागे जाऊ नका.

नवं विमान जागेवर आलं की तुम्ही जॉयस्टिकला हात लावेपर्यंत ते थांबतं. ही विश्रांती वापरा. हात झटका, पाणी प्या, वहीत फुली मारा. रागाने लगेच सुरू केलेलं विमान सगळ्यात लवकर पडतं.

तुम्हाला सुरुवातीला एक उडतं आणि तीन राखीव अशी चार विमानं मिळतात, आणि दर १०,००० गुणांना एक नवं.

पंधरा हजारांचा हिशेब

समजा एका भागात तुम्ही पाच बोटी मारल्या, १५० गुण. चार हेलिकॉप्टरं, २४०. एक पंप, ८०. पूल, ५००. बेरीज ९७०. या गतीने सोळाव्या पुलाला १५,००० पार होतात. आता बोटी-हेलिकॉप्टरं अर्धीच मारली आणि पंप एकही फोडला नाही असं धरा: जेमतेम ७००, म्हणजे बावीस पूल. आणि पहिल्या पायरीसारखं फक्त पूल मारत गेलात तरी तीस पुलांत आकडा येतो.

तीन हिशेब शेजारी ठेवले की दिसतं की निम्म्याहून जास्त गुण पूलच देतात. बोट सुटली म्हणून हळहळायचं कारण नाही. पूल सुटला, म्हणजे पुलाआधी विमान पडलं, तर ५०० गेले आणि विमानही गेलं. मी पहिल्यांदा १५,००० पार केले त्या डावात मधल्या भागांत मी बहुतेक हेलिकॉप्टरं सोडून दिली होती.

डावाची आखणी अशी करा. पहिले पाच पूल पाठ झालेले असतात, तिथे सगळं मारा, पंपही फोडा. सहा ते बारा या पुलांत नियम पाळा, अर्ध्या काट्याचा. दहा हजारांना नवं विमान मिळतं, ते हिशेबात धरू नका, ते अडीअडचणीसाठी. बाराव्या पुलानंतर फक्त समोर येईल ते मारायचं, पेट्रोल भरायचं, पूल गाठायचा.

दहाव्या पुलापर्यंत नियमित पोचायला लागलात की क्रमांक ३ लावून थेट पाचव्या पुलापासून सराव करा, म्हणजे पाठ झालेल्या नदीत वेळ जात नाही. क्रमांक ५ आठवड्यातून एकदा लावा. विसाव्या पुलानंतरचा वेग आणि पंपांची टंचाई बघून क्रमांक १ वर परत आलात की बारावा पूल मवाळ वाटतो. क्रमांक ७ वर मी अजून फार टिकत नाही. तिथली नदी ज्यांच्या हाताला सरावली आहे ते दहा लाखांपर्यंत जातात. दहा लाख झाले की गुणांच्या जागी सहा उद्गारचिन्हं येतात आणि डाव तिथेच थांबतो.

एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त खेळू नका. जुन्या अटारीची जॉयस्टिक ताठ असते, अंगठा आणि मनगट दुखायला लागलं की टिचक्यांचे दाब होतात आणि काठावर आदळणं परत सुरू होतं.

पंधरा हजार झाले की डाव संपेपर्यंत खेळा, रीसेटला हात लावू नका, आकडा पडद्यावर राहतो. फोटो काढायचा तर खोलीतले दिवे मालवा, फ्लॅश बंद करा, कारण फ्लॅशने काच चमकते आणि आकडा पुसला जातो. जुना डबा टीव्ही असेल तर मोबाइलच्या फोटोत काळे पट्टे येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर १/२५ सेकंदावर ठेवा, मोबाइल स्टुलावर पुस्तकांना टेकवा आणि टायमरने काढा. चौकटीत नुसता आकडा नको, खालची नदी आणि इंधनाचा काटाही येऊ द्या.